यादीतली पहिली रायफल

रायफल निवडायची यादी मी केली तेव्हा तिच्यात अकरा रकाने होते. वजन, दस्त्याची लांबी, गाल टेकवायची पट्टी वर-खाली होते का, चाप किती हलका, टाकी एकदा हवेने भरली की किती छर्रे सारख्या वेगाने जातात, दुरुस्त करणारा माणूस इंग्लंडातल्या आमच्या वॉटफर्डपासून किती लांब राहतो, वगैरे. प्रत्येक रकान्याला दहापैकी गुण. आमच्याकडे फ्रीजही असाच आला होता.

"आठ महिने लागले होते फ्रीजला," नवरा म्हणाला. "तोवर दूध खिडकीबाहेर ठेवत होतो आपण."

"फ्रीज अजून चालतोय," मी म्हटलं.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. फील्ड टार्गेट हे एअर रायफलने झाडीत खेळतात. ठरलेल्या जागी जमिनीवर बसायचं. समोर कुठेतरी उंदराच्या नाहीतर कावळ्याच्या आकाराचा पत्रा उभा असतो आणि त्याला एक भोक असतं. छर्रा भोकातून गेला की मागची पट्टी दाबली जाते आणि पत्रा पडतो. कडेला लागला तर नुसता टण्ण आवाज येतो, पत्रा उभाच राहतो. पडलेला पत्रा दोरी ओढून पुन्हा उभा करायचा. एकूण वीस जागा, प्रत्येक जागी असे दोन पत्रे. अंतर कोणी सांगत नाही. दुर्बिणीचं चाक फिरवून चित्र स्पष्ट झालं की चाकावरच्या आकड्यावरून ते ओळखायचं. त्यानंतर वारा, आणि त्याला आकडा नसतो.

नेमकेपणाला गुण देणारा खेळ मला पंचेचाळिशीनंतर सापडला. दोन वर्षं मी क्लबची सामायिक रायफल वापरली आणि त्या काळात यादी भरत गेले. इथली पद्धत चांगली आहे. कुणालाही विचारा, तो आपली रायफल तुमच्या हातात देतो आणि स्वतः चहा प्यायला जातो. अशा नऊ रायफली मी वापरून पाहिल्या. सगळ्यांत जास्त गुण मिळाले ते एका आजोबांच्या रायफलीला, एकशे दहापैकी चौऱ्याण्णव. आजोबा बसड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. गुडघ्यांमुळे त्यांना आता जमिनीवर बसता येत नव्हतं आणि रायफल विकायची होती. तीन रविवार त्यांनी ती मला वापरू दिली.

"हवी असेल तर सांग," ते म्हणाले.

मी म्हटलं, एक रायफल बघायची राहिली आहे, ती बघते आणि सांगते. ती रायफल होती कार्डिफला.

आता माझ्या एका मैत्रिणीबद्दल. ती नागपूरची, इथल्या हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ आहे. ड्यूटीनंतर डोकं शांत होत नाही म्हणाली, म्हणून तिला क्लबमध्ये मी नेलं. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे बरेच दिवस मी ते मनात घोळवत होते. तिला मी नेलं.

मी कार्डिफला गेले त्या रविवारी ती क्लबमध्ये चौथ्यांदा आली होती. संध्याकाळी परतीच्या ट्रेनमध्ये मी गुण भरत असताना तिचा फोन आला.

"अगं, मी रायफल घेतली."

"कोणती?"

"आजोबांची. त्यांनी म्हटलं बसून बघ, म्हणून बसली. पाचातले पाच पाडले. म्हटलं, हीच."

"तिचं वजन माहीत आहे का तुला?"

"नाही गं. जड आहे थोडी. लेकरासारखी धरली की नाही वाटत." मग ती हसली. "तू अजून यादीच करून राहिली का?"

मी अभिनंदन म्हटलं. नंतर बोगदा आला आणि फोन तुटला, ते बरं झालं.

पुढच्या रविवारी आजोबांना मी सहज विचारल्यासारखं विचारलं. ते म्हणाले, "मला वाटलं तुझं अजून ठरायचंय. तिनं मागितली." त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं, आणि तिचंही नव्हतं. दोष द्यायला कुणी नसलं की मत्सर जास्त त्रास देतो.

मी यादीतली दुसरी घेतली. एक्क्याण्णव गुण, कोरी करकरीत. मग मी यादीत चार रकाने वाढवले आणि माझी रायफल पहिली आली. हे मी कुणाला सांगितलं नाही.

तिची प्रगती मी बघत होते. माझे चाळिसात एकोणतीस, तीस पडायचे. ती तीन महिन्यांत तेहतिसावर गेली. वारा आला की मी हिशेब करायचे आणि ती जरा थांबून चाप ओढायची. लोक तिच्यामागे उभे राहून बघायचे. माझ्यामागे कुणी उभं राहिलं तर तो पुढच्या जागेसाठी थांबलेला असायचा.

ऑक्टोबरात हिवाळी सामन्यांसाठी क्लबचा चौघांचा संघ ठरायचा होता. तिघं ठरले होते. चौथी जागा तिची की माझी, हे एका रविवारच्या गुणांवर ठरणार होतं. दोन वर्षं मी त्या जागेची वाट पाहत होते.

दसरा त्याच आठवड्यात होता. इथे सण रविवारी होतात, त्यामुळे पूजा आणि चाचणी एकाच दिवशी आली. मी वेळापत्रक लिहिलं. साडेआठला पूजा, नऊला नाश्ता, सव्वानऊला गाडी. मैत्रीण रायफल आणि स्टेथोस्कोप घेऊन आमच्याकडे आली. पाटावर माझा लॅपटॉप, नवऱ्याचं ड्रिल मशीन, तिचा स्टेथोस्कोप आणि दोन्ही रायफली ठेवल्या.

"इतक्या वर्षांत पहिल्यांदाच या पूजेत खरं शस्त्र आलंय," नवरा म्हणाला. "इतके दिवस आपण किसणी पुजत होतो."

क्लबचा नियम आहे, रायफल पिशवीतून काढली की लिव्हर उघडा ठेवायचा. म्हणजे आत छर्रा नाही हे सगळ्यांना दिसतं. घरातही तो पाळायचा असं मीच सांगितलं. उघड्या लिव्हरखाली एक खाच दिसते. छर्रा तिथे ठेवतात, आणि लिव्हर मिटला की तो नळीत ढकलला जातो.

मी हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिले. अक्षता टाकल्या तेव्हा मैत्रिणीचे डोळे मिटलेले होते, माझे उघडे होते. तांदळाचा एक दाणा तिच्या रायफलीच्या लिव्हरवर पडला, घरंगळला आणि खाचेच्या मागे, लिव्हर बसतो तिथे आत गेला. कुंकवाने लाल झालेला दाणा होता. मला तो स्पष्ट दिसला.

नाश्ता झाला की सांगू, असं मी ठरवलं. खरंच ठरवलं होतं.

नाश्ता करताना तिने पर्समधून एक जुनी वही काढली. "बघ, आजोबांनी काय दिलं."

वहीत त्या रायफलीबद्दलची त्यांची टिपणं होती, कित्येक वर्षांची. कोणत्या थंडीत छर्रा किती खाली जातो, आमच्या मैदानावर कोणत्या जागी वारा कसा वळतो, छर्र्यांचा कोणता डबा चांगला निघाला. रकाने हाताने आखलेले, अक्षर बारीक आणि सरळ. पोहे निवून गेले तरी मी पानं उलटत होते.

"मला तर यातलं अर्धं समजत नाही," ती म्हणाली. "वाचायचा कंटाळा येतो गं."

मी वही मिटून तिला परत दिली. सव्वानऊ झाले होते. "चल," मी म्हटलं. दाण्याबद्दल बोलले नाही. तिने लिव्हर मिटला, रायफल पिशवीत घातली. गाडीत अर्धा तास आम्ही तिच्या बहिणीच्या व्हिसाबद्दल बोलत होतो.

या खेळात एक पद्धत आहे. दोघादोघांच्या जोड्या असतात आणि प्रत्येकाने दुसऱ्याचं कार्ड भरायचं. पत्रा पडला तर फुली, नाही तर शून्य. शेवटी ज्याचे गुण त्याने सही करायची. आम्ही एकत्र आलो म्हणून आमची जोडी लावली.

पहिल्या दोन जागी तिचे चारही पडले. मला वाटलं, दाणा निघून गेला असेल. असं वाटून बरं वाटलं, आणि वाईटही. तिसऱ्या जागी छर्रा खाली गेला. टण्ण. तिने दुर्बिणीचं चाक पुन्हा फिरवून पाहिलं. पुढचा पडला, त्यापुढचा नाही. मला तिच्या रायफलीतून एक बारीक फुस्स ऐकू येत होतं. लिव्हर शेवटचा केसभर बसत नव्हता आणि हवा सुटत होती. कधी जास्त, कधी कमी, म्हणून छर्रा कधी नीट जायचा, कधी खाली. कारण मला माहीत होतं आणि पेन्सिल माझ्या हातात होती. मी शून्य काढलं.

"वारा आहे का?" तिने विचारलं.

"थोडा," मी म्हटलं.

"माझाच हात हलून राहिला आज."

आजोबा घडीची खुर्ची घेऊन दहाव्या जागेपाशी येऊन बसले होते. त्यांच्यासमोर तिचे दोन्ही चुकले. त्यांनी थर्मासचं झाकण लावलं आणि उठून गेले. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मी माझी रायफल उचलली आणि दोन्ही पाडले.

तिचे चोवीस झाले, माझे एकोणतीस. तिने माझ्याकडून कार्ड घेतलं आणि न बघता सही केली. संघ ठरवणाऱ्या गृहस्थांनी फळ्यावर माझं नाव लिहिलं. मी ते दोनदा वाचलं.

पार्किंगमध्ये तिने तिची पिशवी माझ्या गाडीत माझ्या पिशवीशेजारी ठेवली. "ही तुझ्याकडेच ठेव," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"तूच घे. तुझ्या यादीत पहिली होती ना. मला नाही जमत. आजोबा बघून राहिले होते, अन् माझे दोन्ही चुकले. त्यांना वाटलं असेल, कुणाच्या हाती दिली रायफल." तिने वहीही पिशवीवर ठेवली. "ही पण. तू तरी वाचशील."

संघातली जागा, रायफल आणि वही, तिन्ही मिळाली होती. डिकीचं झाकण तेवढं लावायचं होतं.

मी पिशवीची चेन उघडली. नळीवर सकाळी मीच लावलेलं कुंकू होतं. लिव्हर उघडला आणि माझ्या सामानातला बारीक चिमटा काढला.

"काय शोधते?"

"तांदूळ."

दाणा निघाला, अर्धा चुरडलेला. मी तो तळहातावर ठेवला. ती वाकून बघत होती.

"पूजेचा?"

"हो."

ती हसायला लागली. "अरे देवा. म्हणजे मी नव्हती चुकत. आजोबांना दाखवू दे आधी." मग म्हणाली, "पण तुला कसं समजलं?"

आवाजावरून, असं म्हणता आलं असतं. ते निम्मं खरंही होतं.

"पडताना पाहिला होता मी."

"सकाळी?"

"सकाळी."

तिचं हसू थांबलं. "अन् वीस जागा माझ्या बाजूला बसून तू शून्य लिहून राहिली होती."

"हो."

"का?"

"मला ही रायफल हवी होती."

तिने वही उचलली, पिशवीची चेन लावली. नंतर अगदी शांतपणे म्हणाली, "मग मागायची ना. मी दिली असती."

तिने दिली असती, हे मला ठाऊक होतं. एकही रकाना न आखता, चहाचा कप पुढे करावा तशी. त्या क्षणीसुद्धा मला त्याचाच हेवा वाटला.

फळ्यापाशी जाऊन मी गृहस्थांना सगळं सांगितलं.

"तांदूळ?" ते म्हणाले.

"हो."

"शिजवलेला?"

"कच्चा."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि कापडाने माझं नाव पुसलं. पुढच्या रविवारी दोघींनी पुन्हा यायचं, म्हणाले.

त्या रविवारी ती स्वतःच्या गाडीने आली. जोडी पुन्हा आमचीच होती, आणि ती तिने मागून घेतली होती. आम्ही कामापुरतं बोललो. "लागला." "नाही लागला." "दोरी ओढ." आजोबा या वेळी शेवटपर्यंत खुर्ची हलवत आमच्यासोबत राहिले. माझे एकतीस झाले, माझे आजवरचे सर्वांत जास्त. तिचे चौतीस. चौतीसच्या चौतीस फुल्या मी काढल्या, आणि एकही घाईत काढली नाही.

मी कार्ड तिच्याकडे दिलं. तिने ते गुडघ्यावर ठेवलं आणि पहिल्या चौकोनापासून बोट फिरवत एकेक फुली, एकेक शून्य तपासलं. चाळीस चौकोन. मग सही केली.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

तिच्या एका हातात बसायची गादी होती, दुसऱ्यात आजोबांची खुर्ची. म्हणून तिची रायफल मी उचलली आणि गाडीपर्यंत नेली. जड होती. माझ्या यादीत वजनाच्या रकान्यात तिला दहापैकी सहाच मिळाले होते. मी ती लेकरासारखी धरून पाहिली. मग तिच्या गाडीत नीट आडवी ठेवली आणि हात काढून घेतला.