आत्तीला सांगितलेली दोन वर्षं

ही गोष्ट मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, मुलींजवळ नाही. देवापुढं हात जोडले तेव्हासुद्धा हिला वळसा घालून बाकीचं सगळं बोलले. आज तुमच्यापाशी बोलतेय त्यात धीटपणा काही नाही — ज्यांनी मला जाब विचारायचा, ती माणसं आता उरलेली नाहीत.

पण आधी आत्तीविषयी सांगू द्या. तिच्याविषयी बोलायला लागले की मला बरं वाटतं. तसं बरं वाटून घ्यायचा मला कितपत हक्क आहे? — असो. नुसतं ऐका.

माझी आई मी चार वर्षांची असताना गेली. वडील, म्हणजे अण्णा, सोलापुरात मराठी शाळेवर मास्तर होते. त्यांची थोरली बहीण मंद्रूपला दिलेली. आमच्याकडे आत्याला आत्ती म्हणतात. तिचा नवरा लवकर वारला होता, पदरी एकच मुलगा, आणि शेती ती स्वतः बघायची. तरी दर पंधरा दिवसांनी तिची बैलगाडी आमच्या दारात उभी राहायची. ज्वारी उतरवायची, माझ्या डोक्याला तेल घालायचं, अण्णांच्या सदऱ्यांची बटणं लावायची, आणि निघताना म्हणायचं, "यमे, वाच की गं कायतरी. ऐकून जाते." तिला अक्षरओळख नव्हती. बैल जुंपलेले असायचे, आणि ती जुवावर हात ठेवून माझा एक धडा संपेपर्यंत उभी राहायची.

चौथीनंतर मला शाळेतून काढावं असं शेजाऱ्यांनी अण्णांच्या मनात भरवलं होतं. आत्तीनं ते एका दुपारीत काढून टाकलं. मी मॅट्रिक झाले ती तिच्या जिवावर. हे मी आधी सांगतेय, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्हाला वाटेल, ही बाई आत्तीला कमी लेखत असेल. तसं नव्हतं. तिच्याएवढं मला कुणी दिलं नाही.

मी तिची सून व्हायची हे मी लहान असल्यापासून ठरलेलं. मामाची मुलगी करायची रीत आमच्यात आहेच. आणि मला ते हवं होतं — त्या काळी मुलगी असं बोलत नसे, आज बोलते. दत्तात्रय माझ्याहून पाच वर्षांनी मोठे, मंद्रूपलाच लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. आमच्याकडे आले की माझं इंग्रजीचं पुस्तक समोर ठेवायचे आणि म्हणायचे, "वाच." एक अक्षर कळायचं नाही, तरी मान डोलवत ऐकायचे. अशा माणसाला कोण नको म्हणेल?

पण दुसरंही मनात होतं. आमच्या गल्लीत येणाऱ्या एक बाईडॉक्टर होत्या. त्यांच्यामागून मी बाळंतिणींच्या घरी जायची, पाणी उकळून द्यायची. मॅट्रिकचा निकाल लागल्यावर त्यांनी मला पुण्याच्या मेडिकल स्कूलचा अर्ज आणि एक इंग्रजी पुस्तिका आणून दिली. "महिन्याच्या आत पाठव," म्हणाल्या. आणि त्याच आठवड्यात आत्ती मुहूर्त घेऊन आली. ज्येष्ठातला.

अण्णा कोड्यात पडले. दत्तात्रयांनी मात्र सरळ सांगितलं, "मामा, शिकू द्या तिला. मी थांबतो." पण त्यांच्या थांबण्यावर काही नव्हतं. सगळं आत्तीवर होतं. तिच्या भावकीतले लोक दुसऱ्या मुली घेऊन येत होते, एकुलत्या एका पोराचं लगीन का लांबवतीस म्हणून टोचत होते.

ती मागच्या अंगणात शेंगा फोडत बसली होती. मी तिच्या शेजारी बसले. तिनं विचारलं,

"किती वर्सं लागत्यात गं, डाक्टर व्हायला?"

मीही एक शेंग उचलून फोडली. मग म्हणाली, "दोनेक वर्सं आसली तर कशीबी काढीन. भावकीला गप करीन. त्याफुडं न्हाई बघ धरवायचं माज्यानं. मग दत्तूला दुसरी बघावी लागंल."

पुस्तिकेत स्वच्छ छापलं होतं — चार वर्षं. मी ते इतक्यांदा वाचलं होतं की त्या ओळीचं पान आपोआप उघडायचं.

"दोन," मी म्हणाले. "दोनच वर्षं, आत्ती."

रात्रीपर्यंतही थांबले नाही. संध्याकाळी अण्णांना पुस्तिका वाचून दाखवताना तिथंही दोन वाचलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. माझ्या इंग्रजीचा त्यांना अभिमान होता. त्यांनी अर्जावर सही केली. वळणदार, मास्तरांची सही.

मी कुणाच्या धाकानं बोलले नाही. आत्तीनं दरडावलं नव्हतं, रडली नव्हती. तिनं विचारलं आणि तिला काय झेपेल ते सांगितलं. मला शिक्षणही हवं होतं आणि तिचा मुलगाही हवा होता. त्यातलं एक सोडायची वेळ येऊ नये, म्हणून मी तिची दोन वर्षं चोरली.

आणि तिनं ती किती आनंदानं दिली. मुहूर्त परत केला. भावकीत जाऊन सांगितलं, "माजी सून डाक्टर होतीया, तुमच्या म्हशींनाबी बघंल." पुण्याला जाणाऱ्या कुणाच्याही हाती ती कडक भाकरी आणि शेंगांची चटणी पाठवायची. वसतिगृहातल्या मुली त्या डब्याची वाट बघत. दत्तात्रयांच्या हातानं लिहिलेली तिची पत्रं यायची — म्हैस व्यायली, विहिरीला पाणी हाय, तू जीव लावून शिक, इतके महिने राहिले. ती महिने मोजत होती.

दुसऱ्या वर्षीचा उन्हाळा आला, तो लग्नाचा. मी पुण्यात बसून काय सांगावं ते जुळवत होते. तेवढ्यात सोलापुरात तीस सालचा तो मार्शल लॉ आला. गावात माणसांना घराबाहेर पडायची चोरी, लग्नाचं नाव कोण काढणार? आमच्या ओळखीची माणसं तुरुंगात गेली होती, अण्णा घाबरून घरात बसले होते — आणि मला हायसं वाटलं. तेही सांगायला हवं ना?

मार्शल लॉ उठला. आता काहीतरी लिहिणं भाग होतं. मी लिहिलं की नियम बदलला आहे, अभ्यास वाढवून चार वर्षांचा केला आहे, मला फार वाईट वाटतं. एक खोटं उभं ठेवायला दुसरं. उलट टपाली आत्तीचं उत्तर आलं: नियम सरकारचा, त्यात तुजा काय दोष. भावकीचं मी बघते.

त्या वर्षी मार्गशीर्षात दत्तात्रयांचं पत्र आलं की आई अंथरुणावर आहे, काय होतंय ते सांगत नाही, तुलाच बोलावते. मी निघाले. सोलापूरला अण्णांना घेतलं आणि सर्व्हिस मोटारीनं मंद्रूप गाठलं.

आत्तीनं सगळ्यांना बाहेर घालवलं, दार लोटायला लावलं आणि चोळीची गाठ सोडली. डाव्या स्तनावर हळद लावून फडकं बांधलेलं होतं. ते मी काढलं. कॅन्सर हा शब्द मी त्याच वर्षी पुस्तकात वाचला होता.

"कधीपासून, आत्ती?"

"तू पुण्याला गेलीस त्या दिवाळीला चिंचोक्याएवढं हुतं."

"मग कुणाला दाखवलं का नाहीस? सोलापुरात बाईडॉक्टर आहेत की."

ती हसली. लाजून हसली. "परक्या माणसाला कसं दावायचं? म्हनलं, दोन वर्सांची तर गोस्ट हाय. यमी डाक्टर हून येतीया, तिलाच दावू. मग नियम बदलला."

मी काय केलं माहीत आहे? मी मान हलवली. म्हटलं, "हो ना. बदलला." तिचा हात माझ्या हातात होता, दार लोटलेलं होतं, तिसरं कुणी ऐकत नव्हतं. सांगायला तेवढी एकच जागा होती. मी नवं फडकं घेतलं आणि ते नीट बांधलं.

चार म्हणाले असते तर ती दुसऱ्या कुणाला दाखवायला गेली असती का? गेली असती तर वाचली असती का? मी पुढं चाळीसएक वर्षं डॉक्टरी केली, आणि याचं उत्तर मला देता येत नाही. पण ती कोणासाठी थांबली होती, हे ती मला स्वतःच्या तोंडानं सांगून गेली.

अण्णा आणि दत्तात्रय म्हणाले, आठ दिवसांत लग्न लावू, तिच्या डोळ्यांदेखत. मी एका पायावर तयार होते. तेवढं केलं म्हणजे काहीतरी फिटेल असं वाटलं असावं. आत्तीनंच मोडता घातला. "न्हाई. लगीन लागलं की घर धरतंय बाईला. आर्धं टाकून कशाला येतीस? पुरं कर, मग ये. मी बघितलं काय आन न्हाई काय." दत्तात्रय रडत होते. तिनं ऐकलं नाही. चार दिवसांनी तिनंच मला मोटारीत बसवायला लावलं.

माघात ती गेली. परीक्षा होती. मी पोचले तेव्हा तिसरा दिवस होता.

पुरं केलं मी. शेवटची परीक्षा झाल्यावर आमचं लग्न झालं, साधंच. दत्तात्रयांनी सोलापुरात बदली करून घेतली, मी दवाखाना काढला. आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी मंद्रूपला जायची. आत्तीच्याच ओसरीवर बायका तपासायची, आणि कुठल्याही दुखण्यासाठी आलेली असो, तिला चोळी काढायला लावायची. बायका आधी लाजायच्या, मग त्यांना सवय झाली. काही वेळेवर सापडल्या. त्यांनी मला हात जोडले की मी मनात आत्तीला हात जोडायची. याला प्रायश्चित्त म्हणू नका. ते माझं काम होतं, आणि तेही तिनंच दिलेलं.

आणि दत्तात्रय? इतका सौम्य माणूस मी पाहिला नाही. मी रात्रीबेरात्री बाळंतपणाला गेले तर कंदील घेऊन बरोबर यायचे, बाहेर ओट्यावर बसून राहायचे. त्यांना आयुष्यात एकाच गोष्टीचा राग होता. वर्तमानपत्रात कुठं शाळा-कॉलेजचे नियम बदलल्याची बातमी आली की म्हणायचे, "असल्याच एका नियमानं आमच्या आईला सून बघू दिली नाही." मी समोर जेवण वाढत असायची. त्रेचाळीस वर्षं हे ऐकलं, आणि वाढत राहिले. ते गेले तेव्हाही त्यांच्या मनात तो नियमच दोषी होता.

नियम कधी बदलला नव्हता.

मी झुरले असं सांगितलं तर ते आणखी एक खोटं होईल. मी झुरले नाही. मला दोन्ही हवं होतं आणि दोन्ही मिळालं — दवाखाना मिळाला, हा माणूस मिळाला, दोन मुली झाल्या, त्यातली एक डॉक्टर आहे. सकाळी उठून कामाला लागताना मला आनंद व्हायचा. आत्तीनं जे दिलं ते सगळं मी घेतलं, आणि मी सुखात राहिले.