काकाजींचा उजवा हात

काकाजींचा सत्कार करायचा तर आयोजकांना थोडा अपमान घरी न्यायची तयारी ठेवावी लागे. शहापूरला शाल अंगावर पडताच त्यांनी माइक ओढला. "माह्यं एक तरी पुस्तक वाचलेल्या मानसानं हात वर करा बरं." मंडपात एकच हात वर झाला, रिकामे कप मागणाऱ्या चहावाल्याचा. "जमलं," काकाजी म्हणाले. "पुस्तक पांघरता येत नाही, हा माहाच दोष."

भंडाऱ्याच्या एका साप्ताहिकात ते माणसांवर, चालीरीतींवर, आजारांवर लिहीत. माझ्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. मला लिहायला त्यांनीच शिकवले, तेही टोमण्यांनी. माझ्या लेखातली विशेषणे खोडत ते म्हणत, "काहून रे, लग्नाची पत्रिका लिहून राहिला का?"

त्यांचा खरा राग आजाऱ्याला पाहायला येणाऱ्यांवर. आपल्याकडे बिस्किटाचा पुडा आणि इलाज सोबतच येतात. लकव्यासाठी तर प्रत्येकाच्या ओळखीचा एक तेलवाला असतोच. 'तोंड वाकडे झाले की आधी दवाखाना' हे काकाजींनी इतक्यांदा लिहिले की संपादक कंटाळले. त्यांच्या मुलाने तो लेख काचेत मढवून बैठकीत लावला होता.

दिवाळीनंतरच्या मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, घर पाहुण्यांनी भरलेले असताना जेवताजेवता काकाजींच्या हातून घास गळाला, जीभ अडखळली. पाहुण्यांनी त्या लेखाखालीच खल केला आणि त्यांना जीपमध्ये घालून तेलवाल्याकडे नेले. तिथे दुपारभर मालिश झाली. दवाखान्यात पोचेपर्यंत वेळ निघून गेली होती. उजवा हात गेला तो गेलाच.

"माह्या वाचकाइनं मले तेल लावलं," मी भेटायला गेलो तेव्हा ते अडखळत म्हणाले. मग मला लिहायला बसवले. लेख त्या पाहुण्यांवरच होता. मुलगा कळवळला, "बाबा, लोकाइनं प्रेमानंच तर नेलं होतं."

"म्हनूनच लिहून राहिलो. दुश्मनानं दवाखान्यात नेलं असतं."

लेख छापून आला, पाहुणे रुसले. थोड्याच महिन्यांत काकाजी गेले. शोकसभेत त्यांच्या वैज्ञानिक दृष्टीवर तेच पाहुणे भरभरून बोलले.

यंदा दिघोरीला भाताची रोवणी चालू असताना चिखलाच्या बांधीतच माझ्या बाबांचे तोंड वाकडे झाले. "तेलवाल्याकडं ने, गुन येते," सगळा बांध ओरडला. बाबांनाही तेच हवे होते. मी कुणाचे ऐकले नाही, त्यांना उचलून थेट दवाखाना गाठला. गावात मी शिकून बिघडलेला ठरलो आहे. बाबा उजव्या हाताने भात कालवतात आणि तेच खरकटे बोट माझ्यावर रोखतात, "चिखलाचे पाय बी धुवू देल्ले नाही तुनं! डाक्टर का म्हनला असन?"