थेंबाने खाल्लेला रंग

गाड्या दुरुस्त करणाऱ्या त्या मिस्त्रींना सगळे नाकमिस्त्री म्हणत. नाक मोठं होतं म्हणून नव्हे. बॉनेट उघडून एकदा हुंगलं की तेल जळतंय, क्लच घासतोय की आणखी काही, ते हा माणूस सांगून मोकळा व्हायचा. म्हणूनच त्यांच्या फळीवरच्या तेलाच्या बाटल्यांना चिठ्ठ्या नव्हत्या. बूच काढायचं, वास घ्यायचा, ओतायचं. पस्तीस वर्षांत हात कधी चुकला नाही.

मागच्या थंडीत त्यांना ताप आला. आठवड्याने तो उतरला, पण जाताना वासाची जाण घेऊन गेला. हे कळलं ते दूध करपलं तेव्हा. शेजारच्या खोलीतच बसले होते, तरी धूर डोळ्यांत जाईपर्यंत पत्ता नाही. बायकोला जाऊन सहा वर्षं झाली होती. गॅस बंद करून ते तसेच कपाटाशी गेले आणि तिची शाल काढून नाकाशी धरली. नुसती लोकर टोचली. शाल घडी घालून त्यांनी परत ठेवली.

आज येईल, उद्या येईल म्हणत त्यांनी कोणाजवळ ब्रही काढला नाही. मिस्त्रीचं नाक गेलं असं बाहेर पडलं, तर दारात गिऱ्हाईक उभं राहिलं असतं का?

एका सोमवारी वाचनालयातल्या बाई गाडी घेऊन आल्या. पॉवर स्टिअरिंगचं तेल कमी झालं होतं. मिस्त्रींनी फळीवरच्या जागेच्या अंदाजाने बाटली उचलली, सवयीने हुंगली आणि ओतली. एक थेंब पत्र्यावर सांडला, तो अंगठ्याने पुसला.

शुक्रवारी बाई परत आल्या. वळताना गाडी कण्हते आणि चाक फिरवून खांदे भरून येतात, अशी तक्रार होती. मिस्त्रींनी बॉनेट उचललं. पत्र्यावर नखाएवढ्या जागेतला रंग फुगून सुटला होता. स्टिअरिंगचं तेल रंगाला इतकं खात नाही. खातं ते ब्रेक ऑइल. आतली रबरी सीलंही अशीच फुगली असणार.

बाईंच्या हे लक्षातही आलं नव्हतं. गाडी बारा वर्षांची. पंप म्हातारा झाला म्हटलं असतं, तरी त्यांनी मान डोलावली असती. शब्द जिभेवर आलेही होते. पण जन्मभर नाकासमोर चाललेल्या माणसाला या वयात वाकडं वळण जमेना.

"बाई, चूक माझी आहे. स्टिअरिंगमध्ये मी ब्रेक ऑइल ओतलं."

"तुम्ही? अहो, तुम्हाला तर नुसत्या वासावरून कळतं."

"वास येत नाही. आठ महिने झाले."

बाईंनी हळूच विचारलं, घरी कोणाला सांगितलंय का?

"सांगायला घरी आहे कोण?" मिस्त्री बोलून गेले आणि मग ओशाळून नट खोलायचे पाने शोधू लागले.

पुढचे सहा दिवस त्यांनी दुसरं काम घेतलं नाही. सगळं तेल काढलं, नळ्या धुतल्या, पंप खोलून सीलं बदलली. मधल्या वेळात प्रत्येक बाटलीवर कागद चिकटवून नाव लिहिलं. गाडी न्यायला आलेल्या बाईंनी जाताना डॉक्टरकडे जायचं कबूल करून घेतलं.

दवाखान्यात नाव लिहिणाऱ्या मुलीने विचारलं, सोबत कोण आहे? कोणी नाही, असं त्यांनी सांगितल्यावर तिने त्या जागी आडवी रेघ मारली. आत डॉक्टरांनी लिंबू दिलं, कॉफी दिली, डोळे मिटून ओळखायला सांगितलं. मिस्त्रींना एकही सांगता आलं नाही. वास परत येईल, कदाचित नाहीही येणार, डॉक्टर म्हणाले.

दुपारी ते गॅरेजवर परतले, तर एक माणूस गाडी घेऊन थांबलेला.

"मिस्त्री, कसलातरी वास येतोय. जरा बघता?"

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, वाकले, आणि तसेच पुन्हा ताठ झाले.

"मला आता वास येत नाही," ते म्हणाले. "इकडे या. कसा येतोय ते तुम्हीच सांगा."