माझे कंपनी गाईड

फोन आला तेव्हा मी अकलूजला होते. तिथल्या एका डेअरीच्या गेस्ट हाउसला टॉवेल हवे होते आणि मी मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर नमुने उलगडून बसले होते. पर्समध्ये फोन सारखा थरथरत होता, पण गिऱ्हाईक समोर असताना फोन घ्यायचा नाही हा आमच्या कारखान्याचा नियम, आणि तो घालून देणारे माझे यजमान दत्तात्रय. नमुने पसंत पडले, चहा झाला, बाहेर येऊन बघते तर हुसेनभाईंचे कितीतरी मिस्ड कॉल. हुसेनभाई आमचे जुने जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे. उलट फोन केला तर ते एवढंच म्हणाले, "भाभी, जल्दी आव." दुपारचं जेवण करून हे ऑफिसातल्या खुर्चीत जरा टेकले होते... ते उठलेच नाहीत. मॅनेजरसाहेबांनी स्वतःची गाडी दिली म्हणून मी अंधार पडायच्या आत सोलापूरला पोचले.

आता दीड महिना होऊन गेला. भेटायला येणाऱ्या बायका हळहळतात, शेवटची भेटसुद्धा झाली नाही गं म्हणतात. मी म्हणते, झाली की, सकाळीच झाली. मला एसटी स्टँडवर सोडायला हे स्कूटरवरून आले होते. नमुन्यांची पिशवी माझ्या हातात देताना म्हणाले, "पांढरे वर ठेव. आधी पांढरेच दाखव." नवराबायकोचं शेवटचं बोलणं म्हणून कुणाला यात फार काही वाटणार नाही. मला मात्र ते पुरतं, कारण असलं एक वाक्य यांच्या तोंडून ऐकायला मला अर्धा संसार वाट बघावी लागली आणि मध्ये तीन वर्षांची एक पदवीही घ्यावी लागली.

यांचा कारखाना अक्कलकोट रोड एमआयडीसीत, सासऱ्यांनी काढलेला. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात साधी चप्पल आणि बोलणं मोजून मापून. कुणाच्याही घरी गेलो की तिथला टॉवेल दोन बोटांत धरून चाचपायचे, मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. धंद्याबद्दल घरात अवाक्षर नाही. कसं चाललंय विचारलं तर "चाललंय की" एवढंच उत्तर. मी डबा भरत होते, मुलाचं बघत होते, आणि टॉवेल कुठून येतो नि कुठं जातो हे मला आमच्या कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याइतकंच ठाऊक होतं.

मुलगा रोहित इंजिनिअरिंगला पुण्याला गेला आणि त्याच वर्षी वैरागहून माझी भाची कोमल कॉलेजसाठी आमच्याकडे राहायला आली. तिला घेऊन मी पुणे रोडच्या एका बिझनेस स्कूलमध्ये चौकशीला गेले. काचेची इमारत, आत थंडगार हवा, आणि एक गोड बोलणारी मुलगी बीबीए मार्केटिंगची माहिती देत होती. कोमल मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती, ऐकत होते मी. ती मुलगी सहज म्हणाली, "मॅडम, तुमची बारावी झालीय ना? वयाची अट नाही हं." कोमलनं दोन दिवसांत नर्सिंगला जायचं ठरवलं आणि मी बेचाळिसाव्या वर्षी बीबीएला नाव घातलं. घरी सांगितलं तर यांनी टीव्हीवरची नजर न हलवता विचारलं, "मार्केटिंग म्हंजे नेमकं काय शिकवत्यात?" मी म्हटलं, विकायला. "त्यात काय शिकायचं? माल चांगला असला की झालं." थोड्या वेळानं म्हणाले, "जा. हितं बसून माझं डोकं खाण्यापेक्षा बरं." ही आमच्या घरातली परवानगी.

प्रवेशाच्या वेळी कारकुनानं पालकांचा मोबाइल नंबर मागितला. माझे आईवडील केव्हाच गेलेले, म्हणून मी यांचा दिला. त्याचा परिणाम असा झाला की मी कॉलेज बुडवलं की यांना कारखान्यात मेसेज जायचा, आपला पाल्य आज गैरहजर आहे, कृपया नोंद घ्यावी. नवरात्रात घट बसले की गैरहजर, पाहुणे आले की गैरहजर. संध्याकाळी चप्पल काढता काढता हे अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारायचे, "आमचा पाल्य आज कुठं उंडारत हुता?" पुढे हजेरी फारच कमी भरली तेव्हा पालक सभेचं बोलावणं आलं आणि हे खरोखरच गेले. वर्गातल्या पोरांच्या आईबापांमध्ये पांढरा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले. आमच्या मार्केटिंगच्या मॅडम माझ्याहून दहा वर्षांनी लहान; हजेरी घेताना मला सुनंदा म्हणायच्या आणि व्हरांड्यात सुनंदाताई. त्यांनी जपून जपून सांगितलं की वर्ष वाया जाऊ शकतं. हे म्हणाले, "मी बघतो." त्यानंतर महिनाभर सकाळची भाजी यांनी चिरली आणि डब्याला आठवड्यातून तीनदा विकतची कडक भाकरी नि शेंगाचटणी नेली, म्हणजे मला चुलीपाशी कमी उभं राहावं लागेल. तक्रार केली नाही, कौतुकही केलं नाही.

अभ्यास मला जमायला लागला होता. इंग्रजी पुस्तक मी शब्दकोश घेऊन वाचायचे, पोरांना माझ्या वह्या हव्या असायच्या आणि मला त्यांचं पॉवरपॉइंट. पण एकदा मॅडमनी वर्गात प्रत्येकाला घरचा व्यवसाय विचारला. मी ऐटीत म्हटलं, टॉवेलचा कारखाना. त्यांनी विचारलं, "छान. तुमचं मुख्य गिऱ्हाईक कोण?" मला सांगता येईना. इतकी वर्षं ज्या घराचं मीठ खाल्लं त्याचं गिऱ्हाईक कोण, हे मला ठाऊक नव्हतं. मी खाली बसले. त्या दिवसापासून मला पदवीपेक्षा एकच गोष्ट जास्त हवी होती, की यांनी मला आपल्या धंद्यात घ्यावं, निदान बसवून सांगावं तरी.

दुसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात एखाद्या कंपनीत इंटर्नशिप करायची होती. मी सगळीकडे अर्ज केले. एका गाड्यांच्या शोरूममधला तरुण मॅनेजर हात जोडून म्हणाला, "काकू, तुम्हाला मी काय काम सांगू?" शेवटी मॅडमच म्हणाल्या, घरचा कारखाना आहे ना, तिथंच करा, तुमचे मिस्टर कंपनी गाईड होतील. यांनी ऐकल्याबरोबर नाही म्हटलं. व्यापारी येतात, बायकोला कामाला लावलं म्हणतील, तुला त्या आवाजात चक्कर येईल... रोज नवं कारण. मला राग आला आणि मी चार दिवस बोलले नाही. यांच्या ते लक्षात आलं की नाही, देव जाणे. मग मॅडमनी पालक म्हणून यांनाच फोन लावला. फोन ठेवून हे म्हणाले, "ये सोमवारी. पण घरची म्हणून लाड न्हाईत."

सोमवारी गेले. मागाच्या शेडमध्ये शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं, असं मी ऐकून होते. आत पाऊल टाकलं तर हुसेनभाईंच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता. निम्मे माग प्लॅस्टिकचे कागद घालून झाकून ठेवलेले. मी त्या झाकलेल्या मागांकडे बघत राहिले आणि हे माझ्याकडे पाठ करून कसलीशी गाठ सोडवत राहिले. ऑफिसात आल्यावर मी विचारलं, कधीपासून? म्हणाले, दोन वर्षं झाली, परमुलखातले मोठे व्यापारी दुसरीकडचा माल उचलतात. मी म्हटलं, घरी कधी बोलला नाहीत.

"सांगून काय करणार हुतीस तू? उगं तुझ्या बी जिवाला घोर."

"निदान तुमच्याबरोबर काळजी तरी केली असती की."

दोन वर्षं हा माणूस माझ्या शेजारी बसून जेवत होता, मेसेज वाचून माझी थट्टा करत होता, आणि आत एकटाच कुढत होता. मला इतका राग आला आणि इतकी माया दाटून आली की काय करावं कळेना. यांनी कोपऱ्यातली दुसरी खुर्ची ओढली, खांद्यावरच्या टॉवेलनं पुसली आणि म्हणाले, "बस हितं. काय विचारायचं ते विचार." त्या दिवशी आम्ही दुपारचा डबा संध्याकाळी उघडला. सूत कुठून येतं, कोण व्यापारी शब्दाचा पक्का, कोण गोड बोलून माल अडकवतो, कुठला माग लहरी... एकदा बांध फुटल्यावर हे बोलतच होते. लग्नात सप्तपदीला आम्ही काय बोललो ते मला आठवत नाही, हे मात्र सगळं आठवतं.

मग आम्ही दोघं गिऱ्हाईक शोधायला निघालो. हे आयुष्यात कधी कुणाच्या दारात माल घेऊन गेले नव्हते, व्यापारीच यांच्याकडे यायचे. मी पुस्तकातलं बोलायचे आणि हे खरं बोलायचे, त्यामुळे सुरुवातीला काहीच खपलं नाही. एका सलूनवाल्याला मी टॉवेलचे गुण ऐकवत होते तर हे मध्येच म्हणाले, "पहिल्या दोन धुण्याला रंग सोडतो बरं का." त्यानं लगेच घडी घालून परत दिला. बाहेर येऊन मी चिडले, मग दोघंही उसाचा रस पिताना हसत सुटलो. खरी जुंपली ती काठावरून. एका प्रसूतिगृहाच्या डॉक्टरीणबाईंना बाळांसाठी पांढरे, मऊ, बिनकाठाचे टॉवेल हवे होते; काठ बाळाच्या अंगाला टोचतो म्हणाल्या. आमच्या टॉवेलचा रंगीत काठ म्हणजे सासऱ्यांच्या वेळेपासूनची ओळख. हे म्हणाले, काठ नाही तर तो नागडा टॉवेल, मी विणणार नाही. मी म्हटलं, अंग पुसणार बाळ, आणि हट्ट धरणार तुम्ही? दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी गेले तर एका मागावरचा कागद निघालेला आणि पांढरं सूत चढलेलं. "नमुन्यापुरतं," म्हणाले. तो माग पुन्हा झाकावा लागला नाही. हळूहळू इतर दवाखाने आले, लॉज आले. फार मोठी भरारी वगैरे नाही, पण एकेक कागद निघत गेला.

प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेला कंपनी गाईडनाही बोलावलं होतं. माझं सादरीकरण संपल्यावर बाहेरून आलेल्या परीक्षकांनी यांना विचारलं, या ट्रेनीमुळे कंपनीचा काय फायदा झाला? मला वाटलं, हे दवाखान्यांची नावं सांगतील. हे उठले आणि हात मागे बांधून उभे राहिले.

"सर, फायदा म्हणाल तर... मालकाला झोप लागाया लागली."

वर्ग हसला. मग यांच्या चेहऱ्याकडे बघून थांबला. परीक्षकांनी हसून विचारलं, मग पैकीच्या पैकी द्यायचे का? हे म्हणाले, नको, काठाच्या बाबतीत तिचं चुकलंच. मॅडम डोळे पुसत होत्या आणि मी हसत होते, घरी गेल्यावर मीही रडले असते, पण घरात पाऊल टाकताच हे म्हणाले, "भूक लागलीय."

पदवी मिळाली तसं मी रोज कारखान्यात जायला लागले. दुसरी खुर्ची यांच्या टेबलापाशी कायमची आली. संध्याकाळी शेड बंद व्हायच्या आधी चहा मागवायचा आणि त्या दिवशी काय झालं ते एकमेकांना सांगायचं, ही आमची पद्धत पडली. चांगलं तेही, वाईट तेही. कुणी माल परत पाठवला, कुणाचा फोन लागत नाही, डॉक्टर छातीचं काय म्हणाले... ते सुद्धा यांनी चहा पिताना सांगितलं होतं, औषधांची नावं आणि जपून राहिलं तर किती दिवस निघतील याच्यासकट. मला भीती वाटली, पण ती दोघांची भीती होती. असे दिवस आम्हाला भरपूर मिळाले आणि मी त्यांच्यावर समाधानी आहे.

यांचे दिवस झाल्यावर रोहित मला कारखान्यात घेऊन गेला. पोरगा घाबरलेला होता. मित्रांनी त्याला सांगून ठेवलं होतं की वडील गेल्यावर वर्षभर काही ना काही उकरून निघतं, घरातल्यांना कशाचाच पत्ता नसतो. यांच्या खुर्चीत बसायला त्याचं मन धजेना, म्हणून तो उभाच राहिला आणि म्हणाला, "आई, बाबांचं सगळं शोधायला लागणार आता." मग तो विचारत गेला आणि मी सांगत गेले. कुणाचं सूत यायचंय, कुणाला काय शब्द दिलाय, कुठला माग काढून टाकायचा यांच्या मनात होतं, हुसेनभाईंच्या मुलीच्या लग्नाला काय करायचं ठरलं होतं. मला खुर्चीतून उठावं सुद्धा लागलं नाही. त्याचे प्रश्न संपले तेव्हा त्यानं विचारलं,

"म्हणजे शोधायचं काहीच नाही?"

मी नाही म्हटलं. तो शेडमध्ये गेल्यावर मी दोन खुर्च्यांच्या त्या खोलीत एकटीच बसून राहिले आणि यांनी मला न सांगितलेली एखादी तरी गोष्ट आठवते का बघत राहिले. एखादी असती तर बरं झालं असतं, तेवढाच हा माणूस अजून मला सांगायचा राहिला आहे असं वाटलं असतं... शेडमधला आवाज थांबेपर्यंत मी आठवत होते. मग टेबलावर डोकं टेकवून पोटभर रडले. यांनी माझ्यासाठी शोधायला काहीही शिल्लक ठेवलं नव्हतं.