संकुचित कोण?

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि मुलीला — तिला तर नाहीच.

लढाईची वर्षं होती. कशेळ्याच्या शाळेत मी मास्तर होतो. 'संकुचित' हा शब्द मी पुण्याहून येणाऱ्या एका साप्ताहिकातून उचलला आणि गावाच्या तोंडावर फेकत सुटलो. पंगतीत वेगळं बसणारे संकुचित. मुलींना शाळेत न धाडणारे तर महासंकुचित. राघो ठोंबरे — भातशेती करणारा साधा माणूस — त्याला मी चावडीवर, चारचौघांत तसं म्हणालो. "म्हंजे काय, मास्तर?" त्यानं विचारलं. मी अर्थ फोडून सांगितला: आखडलेलं मन, आपल्या उंबऱ्यापलीकडे न बघणारं. लोक हसले. मीही हसलो. त्या हसण्याची आज किळस येते.

राघोनं मान खाली घातली. सोमवारी आपल्या पोरीला, हौसाला, त्यानं स्वतः शाळेत आणून बसवलं.

आणि मी? माझी कुसुम सहावीत होती, हौसाला अक्षरं गिरवून द्यायची. तिला लोधिवलीहून स्थळ आलं — मुलगी फार शिकलेली नको, असा निरोप. तेवढ्यावर मी तिला घरी बसवलं. भांडलो नाही. तिला विचारलंसुद्धा नाही.

राघो अंगणात आला. "मास्तर, कुसुम दिसत नाय शाळंत. आमचं पोर रडतंय तिच्यापायी."

खरं बोलायची हिंमत कुठून आणणार? म्हणालो, "डोळे अधू आहेत तिचे. वैद्यांनी वाचन बंद करायला सांगितलंय." कसला वैद्य? कुठला? तो भला माणूस हळहळत गेला.

कुसुम दाराआड उभी होती. तिनं ऐकलं — आणि खरं मानलं. बाप सांगत होता ना. त्याच संध्याकाळी तिनं आपली पुस्तकं हौसाला देऊन टाकली. मला तिला थांबवता आलं असतं. मी चहा पीत बसलो. भित्रा, हलकट माणूस.

लग्न लोधिवलीलाच झालं. आता तिला दोन मुलं आहेत. गोधडीवर बारीक टाके घालते, तांदळातला खडा लांबून टिपते — पण माझं पत्र शेजारणीकडून वाचून घेते. गेल्या दिवाळीला आली, तेव्हा मी वर्तमानपत्र तिच्यापुढे केलं. तिनं ते हळूच माझ्याकडे सरकवलं.

"तुम्हीच वाचा, अण्णा. उरलेत ते डोळे जपायला हवेत."

मी वाचून दाखवलं.