पोस्टरातले गुलाबराव

पूर्व विदर्भात वडशाला प्रफुल मेश्रामचं फ्लेक्सचं दुकान आहे. झाडीपट्टीतल्या नाटकांची पोस्टरं तिथंच होतात. इथली रीत अशी, की नाटक लिहून व्हायच्या आधी पोस्टर तयार होतं आणि ते पाहूनच गावं खेळ ठरवतात. रडणारी बाई, रक्ताळलेला सुरा, डोळे वटारलेला खलनायक, एवढं प्रफुल झोपेतही जुळवायचा. नाटकात सुरा नसला तर लेखक निमूट घालायचा.

एक नाटक मात्र त्यानं स्वतः लिहिलं, आपल्या बापावर. गुलाबराव जन्मभर लाकडाच्या डेपोवर चौकीदार होते. ओल्या काटक्या फुंकून फुंकून बायकोचे डोळे गेले, पण डेपोतली काडी त्यांनी घरी आणली नाही. नाटकाचं नाव ‘पहारा’. आपला बाप जसा आहे तसा लोकांनी पाहावा, एवढीच प्रफुलची हौस. म्हणून पोस्टरवर त्यानं बापाचा नुसता शांत चेहरा छापला, मागे पांढरं.

चौकात असा फ्लेक्स लागला की माणूस गेला, हे इथं शेंबडं पोरही सांगेल. प्रफुललाच तेवढं सुचलं नाही. दुपारी शेजारची सोनीबाई रडत दारात आली, तर गुलाबराव खाटेवर चहा पीत बसलेले.

"अवो भाऊ, तुमी तं जित्ते हाव!"

एकाही गावानं नाटक ठरवलं नाही. श्रद्धांजलीला तिकीट काढून कोण जातो?

नाटक कंपनीचे मालक गुणवंतराव म्हणाले, "प्रफुल, लोकाईले समजन असं काही टाक ना." प्रफुलनं मन मारलं. नाव झालं ‘रक्ताचा पहारा’, पोस्टरवर गुलाबरावांच्या हाती बंदूक आली आणि मंडप खच्चून भरला.

शेवटच्या अंकात चौकीदार रिकाम्या हातानं घरी येतो. बायको विझलेल्या चुलीशी बसलेली. इथं लोक रडतील म्हणून प्रफुल श्वास रोखून उभा होता. मागून आवाज आला, "बंदूक कुठी हाय बे?"

मग साऱ्या मंडपानंच बंदूक मागितली. नट मुरलेला होता. आतून दुसऱ्या नाटकाची बंदूक घेऊन आला आणि मारायला कोणी नव्हतं म्हणून वर पाहून बार काढला. टाळ्या थांबेनात. खेळ सुटायच्या आत आणखी गावांनी नाटक ठरवलं. प्रफुलला आनंद झाला, आणि त्या आनंदाचीच लाज वाटली.

गुलाबराव पहिल्या रांगेत होते. खेळ संपल्यावर बापलेक घरी आले. दारात चपला काढताना म्हातारा म्हणाला,

"पयलाच फोटो बरा होता लेका. मेलो होतो, पन मीच होतो."