पुन्हा पॉझिटिव्ह

कोविडच्या दुसऱ्या लाटेत मी अंधेरीच्या एका लॅबमध्ये आरटी-पीसीआरचं काम करत होते. त्यात मलाच लागण झाली आणि बोरिवलीच्या आमच्या घरात आतल्या खोलीत मी एकटी अडकले. बाहेर नवरा, सासूबाई आणि आमची लहान मुलगी. खोलीची खिडकी डक्टमध्ये उघडायची. दिवसभर समोर पाण्याचे पाइप.

ताप उतरला, खोकला गेला, जेवणाला चव आली. टेस्ट दिली, पॉझिटिव्ह. काही दिवसांनी पुन्हा दिली, पुन्हा पॉझिटिव्ह. लॅबमधल्या मैत्रिणीने फोन केला, "अगं, सिग्नल अगदी शेवटच्या फेऱ्यांत आलाय. नावापुरता आहे." मला कळत होतं. पण सोसायटीच्या सेक्रेटरींना कोण सांगणार? ते म्हणाले, "ताई, निगेटिव्ह रिपोर्ट येईपर्यंत खाली उतरू नका. लोक मला बोलतात."

आणि घरात सासूबाईंना डायबिटिस. त्या दाराबाहेर ताट ठेवून लांब स्टुलावर बसायच्या. दुसऱ्यांदा पॉझिटिव्ह आले त्या दिवशी त्यांनी विचारलं, "गो, बरी झालंस मा तू? मगे तो मेलो अजून सापडता कसो?"

मी दाराच्या आतून सांगितलं, "आई, आम्ही अख्खा विषाणू शोधतच नाही. त्याच्यातला एक ठरावीक तुकडा शोधतो. आधी त्याचा डीएनए करून घेतो. डीएनएचे दोन पदर असतात, खूप गरम केलं की ते सुटे होतात. मग थोडं गार करायचं. आम्ही टाकलेले प्रायमर, म्हणजे डीएनएचेच इवलेसे तुकडे, त्या पदरांवर आपापल्या जागी चिकटतात. तिथून पुढे एन्झाइम नवा पदर जोडत जातं. एकाचे दोन झाले. मग पुढची फेरी, परत गरम, परत गार. दोनाचे चार, चाराचे आठ. असं वाढत वाढत इतकं होतं की मशीनला दिसतं."

"आणि तो तुकडो नसलो तर?"

"तर प्रायमरला चिकटायला जागाच नाही. काहीच वाढत नाही."

"म्हणजे तुझ्या नाकात तो असा."

"आहे, पण मेलेला. नुसते तुकडे उरलेत."

"मेलेल्याचीव नक्कल काढतास?"

"हो. मशीनला जिवंत-मेलेलं कळत नाही."

त्या म्हणाल्या, "मगे तो जिवंत की मेलेलो, माका कसा कळतला?"

दाराची कडी आतूनच होती, मीच लावलेली. मी बरी आहे याची मला जवळजवळ खात्री होती. त्या 'जवळजवळ'पायी मी ती काढत नव्हते.

एका दुपारी मुलगी हॉलमध्ये जोरात पडली. "आई, आई" करून ओरडायला लागली. मी धावले, कडीला हात लावला आणि तशीच उभी राहिले. बाहेर सासूबाई तिला उचलून घेत होत्या, फुंकर घालत होत्या. रडणं थांबलं तरी माझा हात कडीवरच होता. मग मी खाली बसून तोंडात ओढणी कोंबून रडले.

पुढच्या आठवड्यात रिपोर्ट निगेटिव्ह आला. मी बाहेर आले तर मुलगी आधी बाबाकडे बघायला लागली, जाऊ का म्हणून. मी पंख्याखाली लादीवर जाऊन बसले. सासूबाईंनी चहा आणून दिला आणि माझ्या शेजारीच बसल्या. थोड्या वेळाने मुलगी मागून आली आणि माझ्या पाठीला टेकली.